चौघांच्या पाट्या

खेळ सोपा आहे. टीव्हीवरची चार नावाजलेली माणसं ओळीने बसतात. सूत्रसंचालक एक वाक्य वाचतो आणि त्यातला एक शब्द गाळतो. चौघं आपापल्या पाटीवर तो शब्द लिहून पाट्या पालथ्या ठेवतात. मग स्पर्धकाने शब्द सांगायचा. जितक्या पाट्यांवर तोच निघेल तितके गुण. खरं काय, खोटं काय, तिथे कुणी विचारत नाही. चौघांच्या मनात काय आलं तेवढं ओळखायचं.

या खेळात उतरायचं माझ्या सुनेच्या डोक्यात मीच घातलं. ती घरी केक करून विकते. ओव्हन बंद पडल्यापासून आलेली ऑर्डर परत पाठवताना तिचा चेहरा बघवत नाही. या खेळात जिंकणाऱ्याला बेकरीत असतो तसला मोठा ओव्हन मिळतो. "तुझं शहाणपण घरी ठेव," मी म्हटलं, "तिथे चार येड्यांचं चालतं."

भाजी निवडताना मी वाक्य टाकायची, ती शब्द भरायची. सासूवर बोलायची वेळ आली की मात्र हिची जीभ टाळूला चिकटायची. "आई, तुमच्यासमोर कसं म्हणू?" मला बरं वाटायचं. का वाटू नये? जावेच्या सुना तिला तोंडावर म्हातारे म्हणतात.

शूटिंगच्या दिवशी मला आणि मुलाला पहिल्या रांगेत बसवलं. टीव्हीत महाल दिसतो तो जवळून नुसता रंगवलेला प्लायवूड. कानाला यंत्र लावलेली एक पोरगी आली. "आजी, बोलायचं नाही, खूण करायची नाही. नाहीतर तुमचा स्पर्धक बाद."

"खुणा करायला मी काय ट्रॅफिक पोलीस आहे?" मी म्हटलं. पण हात मात्र मांडीखाली दाबून बसले.

सुनेविरुद्ध खेळायला एक केस कापणारा होता, तोंडाचा भारी चुरचुरीत. शेवटी तो दोन गुणांनी पुढे राहिला आणि पाळी उरली फक्त सुनेची. तीन पाट्या जुळल्या तरच ओव्हन आपला.

सूत्रसंचालकाने वाचलं, "घरात चूक कुणाचीही असू शकते, पण अमक्याची कधीच नसते. कोण हे अमकं?"

सगळा हॉल खिदळला. चौघांनी काय लिहिलं ते शेंबडं पोरही सांगेल. सुनेलाही कळलं होतं. म्हणूनच तिने थेट माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, मिटले. घड्याळ टकटक करत होतं. ही बया आता "नवरा" म्हणणार आणि घर बुडवणार!

"आई, जरा हस ना," शेजारून मुलगा पुटपुटला.

"गप. खूण होईल." शिवाय मी हसायला गेले की लोकांना वाटतं दाढ दुखतेय.

कानयंत्रवाली माझ्यावरच डोळा ठेवून. वाकणं म्हणजे खूण का, ते तिने सांगितलं नव्हतं. मी सरळ खुर्चीखाली डोकं घातलं.

"काय झालं?"

"चप्पल शोधतेय."

"पायातच आहे की!"

"मग पायातली शोधतेय."

वर घड्याळाची टकटक चालूच. माझं रक्त डोक्यात उतरलं. आणि मग सुनेचा आवाज आला, घाईघाईने, "सासू."

पाट्या उलटू लागल्या, मला नुसतं ऐकू येत होतं. गाणाऱ्या बाईची : सासू. सिनेमातल्या खलनायकाची : नवरा. मेल्या, बायकोला भितोस! बातम्या देणाऱ्याची : सासू. राहिला विनोदी नट. तो पाटी छातीशी धरून बडबडत बसला. कंबर मोडली माझी. उलट की रे बाबा, उलट!

"सासू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वर आले तर कॅमेरा माझ्याच तोंडावर. कानयंत्रवाली बघत राहिली, पण सुनेला बाद केलं नाही. मला मंचावर बोलावलं. सून पांढरीफटक.

"आई, ते आपलं खेळापुरतं..."

"खेळापुरतं कशाला?" मी म्हटलं. "नसतेच माझी चूक. खरं तेच बोललीस."

हॉल हसला. हसू देत. सून हसली नाही. तिने माझा हात घट्ट धरला. तिचा तळवा घामाने ओला होता, आणि माझाही.