भिंत दोघांची

मायरिगचं म्हणणं, धुराड्याला आतून नळीचं अस्तर-बिस्तर काही लागत नाही. बापाने याच भिंतीतल्या आगटीत जन्मभर कोळसा जाळला, पुढे त्यानेही. उघड्या आगीची निम्मी ऊब वर पळते, म्हणून आता लाकडाची बंद लोखंडी शेगडी बसवायची, एवढंच. चाळीस वर्षं स्लेटच्या खाणीत काढलेला माणूस. त्याला दगड-चुन्यातलं कोण शिकवणार!

“धूर सरळ वर जातो. रोज बघतो मी,” तो म्हणाला.

“वर जातो तेवढाच दिसतो, काका,” धुराडी झाडणारी हाइलवेन म्हणाली. “शेजारी कोण राहतं?”

“नेस्टा. तीस वर्षांची शेजारीण. जानेवारीतही खिडकी सताड उघडी टाकून झोपते. चक्रम आहे.”

हाइलवेनने धुराड्याचं वरचं तोंड बांधलं, धूर कुठे फुटतो ते बघायला खाली धुराची गोळी पेटवली, आगटीच्या तोंडाला फळी लावली आणि म्हणाली, “चला शेजारी.”

“तिच्याकडे कशाला? घर माझं, धूर माझा.”

“भिंत दोघांची आहे, काका.”

कुरकुरत तो गेला. नेस्टाने दोघांना माडीवर नेलं. तिच्या पलंगाच्या उशाशी, भिंतीतल्या कपाटाच्या फटीतून पांढरा धूर संथपणे बाहेर येत होता.

“विटांमधला चुना झडलाय,” हाइलवेन म्हणाली. “बंद शेगडीचा धूर उघड्या आगीपेक्षा थंड असतो, तो धुराड्यात आणखी रेंगाळून इकडे झिरपला असता. आणि जीव घेणारा वायू दिसतही नाही, त्याला वासही नसतो.”

“तरीच!” नेस्टा म्हणाली. “दोन हिवाळे झाले, रात्री डोकं ठणकतं. खिडकी उघडली की उतरतं. मला वाटलं, वय झालं.”

मायरिग तिच्या पलंगावर मटकन बसला. “एकदा तरी बोलायचंस गं!”

“तुझ्या धुराड्याचा संशय एकदा आला होता. पण तू एकटा, त्यात ही थंडी. म्हटलं, शेकू दे बिचाऱ्याला.”

चक्रम म्हणाला होता तो हिला. तिने मात्र त्याच्या उबेसाठी डोकेदुखी सोसली होती.

“हाइलवेन, पोरी, तुझे उपकार झाले,” तो म्हणाला. “अस्तर घाल, वरपासून खालपर्यंत. तोवर काडीसुद्धा पेटवणार नाही.”

“मग गारठशील की रे,” नेस्टा म्हणाली.

“गारठेन. नेस्टा, तू जिवंत आहेस, केवढं बरं झालं!”

नेस्टा डोळे पुसत हसली. “मेल्या, हे म्हणायला तीस वर्षं लावलीस.”