घडांशी बोलणारा

जेवायला चार हाका माराव्यात तेव्हा हा येतो, ताटात बघत जेवतो आणि उठून जातो. नातू नव्हे, घुम्या. मालनबाईचं हे दिंडोरीतल्या सगळ्या सोयऱ्यांना सांगून झालं होतं.

दीपक सोळा वर्षांचा, उंचीनं वाढलेला, खांद्यात वाकलेला. माणसांसमोर त्याची जीभ पहिल्यापासूनच टाळ्याला चिकटायची. पण डिपिंगच्या वेळी द्राक्षांचे घड औषधाच्या मगात बुडवताना तो एकटाच बोलायचा. एकेका घडाची विचारपूस करायचा.

गेल्या हंगामात सिनेमा काढायला नाशिकहून मोहिनी नावाची मुलगी आली. तिनं ते ऐकलं. "तू बोल, आम्ही लांब उभे राहतो," म्हणाली. पाच पोरं आणि एक कॅमेरा, एवढाच सिनेमा. दीपक पंधरा दिवस बोलला.

श्रावणात सीडी आली. ती पाहून दीपक म्हणाला, "आजी, ही गावाला नको दाखवू."

"का? चोरी केली का तू?"

मालनबाईच्या लेखी सिनेमात दिसतो तो हिरो. तिनं पॅकिंगच्या शेडमध्ये पडदा बांधला, भावकी बोलावली, पडद्यापुढं नारळ फोडला आणि नातवाला फेटा बांधून पहिल्या खुर्चीत बसवलं.

पडद्यावर दीपक एका घडाला विचारत होता, "माझ्याशी लग्न करशील? का तुलाबी मी आवडत नाय?"

अख्खी शेड हसली. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं मालनबाई हसली. दीपकनं मागं वळून पाहिलं ते तिच्याकडेच.

आता पुन्हा डिपिंग सुरू झालं होतं. "नवरदेव, कोणती पसंत पडली?" मजूर बाया विचारायच्या. तो मान खाली घालून पुढच्या वेलाकडे सरकायचा. मालनबाई दोन दिवस बांधाआड कान देऊन बसली. मगाचा आवाज तेवढा येत होता.

तिसऱ्या दिवशी ती ओळीत शिरली.

"बोल घडांशी. मी चालले घरी."

"नाय येत आता."

"येत नाय म्हंजे?"

"तोंड उघडलं की तुझं हसू ऐकू येतं, आजी."

मालनबाईनं आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. तिनं पदर खोचला.

"मी हसले, ते चुकलं," ती म्हणाली. "पण तू आता असाच राहणार, दीपक. मी मेल्यावर रडायलाबी तुला वाचा फुटायची नाय, आन् त्याला कारण मीच."