ओली बाजू

वॉटरप्रूफिंगवाल्यानं जाड निळ्या प्लॅस्टिकचा हातभर तुकडा तळघराच्या भिंतीला लावला आणि चारही कडांवर चिकटपट्टी अंगठ्यानं घासून बसवली. आक्का शिलाई मशीनमागे उभी होती. तेवढा वेळ तिनं श्वास रोखून धरला होता. चष्मेवाल्याच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या, ते लक्षात आलं. कारण शेवटी तिला खोकला आला.

"दोन दिवस हात लावायचा नाही," वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला. "मग सोलून बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. म्हणजे वरची बाथरूम. खोलीकडच्या बाजूला असतील तर भिंत बिचारी निर्दोष. इस्त्रीची वाफ, ओले कपडे, श्वास. माणूस म्हणजे काय, चालतंबोलतं आधणच."

तो स्वतःच हसला. आक्काही हसली, तोंडावर हात धरून.

"आणि बाथरूम निघाली तर?" जिन्यावरून चष्मेवाल्याच्या बायकोनं विचारलं.

"फोडावी लागेल, वहिनी."

"अहो, नवी करून सहा महिने नाही झाले तिला!"

"पाइपाला काय कळतंय?"

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. नवरा प्लॅस्टिककडे.

बुरशी होऊ नये म्हणून पाळायच्या नियमांचा कागद दारामागे आधीच लागलेला होता. अक्षर बायकोचं, ठसठशीत:

कपाट भिंतीपासून वीतभर लांब.
रोज सकाळी दार आणि झरोका उघडा, अर्धा तास.
काळा डाग दिसला की पुसणे. फडका लगेच बाहेर.
कपडे आत वाळत घालू नयेत.
इस्त्री कोरडीच.
पाणी उकळू नये.

आणि तळाशी पेन्सिलीनं, आक्काच्या तिरक्या अक्षरात:

शिवताना गुणगुणणं बंद.

हा शेवटचा नियम तिला कुणी सांगितला नव्हता. चष्मेवाल्यानं तो वाचला होता. खोडला नव्हता.

अठरा वर्षं आक्का इथंच राहत होती आणि इथंच शिवत होती. गिऱ्हाइकं रस्त्यावरून पाच पायऱ्या उतरून थेट मशीनपाशी यायची. इथून जायचं म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला, बायकांच्या वसतिगृहात. एका खोलीत सहा खाटा, आणि मशीनचा आवाज चालणार नाही असं त्यांनी चौकशीलाच सांगून टाकलेलं. खोलीची चौकशी आक्कानंच केली होती.

"खोलीकडचे थेंब निघाले ना छोट्या, तर मी जाईन," ती म्हणाली. "तू कानकोंडा होऊ नकोस. तुझं घर सडवून मी राहू होय?"

छोट्याची पन्नाशी उलटली होती.

"बघू," तो म्हणाला.

दोन दिवस.

तिनं इस्त्री शेजारणीकडे नेऊन ठेवली. केस धुतले नाहीत. काजं-बटणं पायरीवर बसून केली, अंगात कोट घालून.

"आक्का, दुकान रस्त्यावर मांडलंत की काय?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"हवा खातेय. आतली जपून वापरावी लागते."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दूध आणायला गेली आणि चष्मेवाला खाली उतरला. दिवसभर चष्म्याच्या दुकानात तो लोकांना विचारायचा, हे स्पष्ट दिसतं की ते? त्यानं एकेक पट्टी सोलली. खोलीकडच्या बाजूवरून बोट फिरवलं. कोरडी. तुकडा उलटा धरला तर मागे थेंबच थेंब, टपोरे, एकमेकांना चिकटलेले. एक ओघळून त्याच्या मनगटावरून बाहीत शिरला.

वर नळ सुरू झाला. बायको अंघोळीला गेली होती. जरा वेळानं भिंतीत कुणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज आला.

त्यानं खिशातून भिंगं पुसायचा मऊ फडका काढला आणि भिंत टिपली. मग तुकडा फिरवला, काच फिरवतात तसा, कडेला धरून, बोट न उमटवता. थेंब आता खोलीकडे. पट्ट्या परत दाबल्या. एक कोपरा बसेना, तो अंगठ्यानं धरून ठेवला.

आक्का आली तेव्हा त्याचा अंगठा तिथंच होता.

"बघितलंस?"

"तुझी वाट बघत होतो."

तिनं पिशवी खाली ठेवली. बोट टेकवलं. ओल्या बोटाकडे बघितलं.

"माझंच," ती म्हणाली. "एवढं पाणी होतं होय माझ्यात? दिसायला तर खारकेसारखी वाळलेली."

तो हसला. हसणं भाग होतं.

"किती दिवस सोसलंत रे तुम्ही! बोलला नाहीत." तिनं ब्लीचची बाटली मागून घेतली, आणि जायच्या आदल्या दिवशी भिंत वरपासून खालपर्यंत स्वतः घासून काढली.

"खोलीकडची," चष्मेवाल्यानं फोनवर सांगितलं.

"सुटलात," वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला.

महिन्याभरानं चष्मेवाला वसतिगृहात गेला. आक्काची खाट खिडकीखाली ओढलेली होती. खिडकी सताड उघडी, वारा सरळ उशीवर. ती कोट घालून, कानाला रुमाल बांधून बसली होती आणि खोकत होती. बरगड्यांच्या तळातून आल्यासारखा खोल खोकला.

"तुम्ही तरी सांगा हो तुमच्या बहिणीला," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. "रात्रंदिवस उघडी ठेवतात. आम्ही गारठलो, आणि त्यांची छाती बघा. ऐकतच नाहीत."

"यांची भिंत अजून चांगली आहे रे," आक्का हळूच म्हणाली, गुपित सांगावं तशी. "माझ्यापायी खराब व्हायला नको. तुमच्याकडे आता कोरडं आहे ना?"

"खडखडीत."

ओल आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढली होती.

बाई उठली आणि तिनं खिडकीच्या कडीला हात घातला.

"थांबा, थांबा," आक्का खोकल्यातून म्हणाली. "माझं खोटं वाटतं ना, याला विचारा. यानं स्वतः बघितलंय."

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. चष्मेवाल्यानं स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"राहू द्या उघडी," तो म्हणाला.