उशिराचं कारण

"हा ढीग कोणी केला?" अर्जवाल्यांनी विचारलं.

"आम्ही!" त्यांची धाकटी लेक म्हणाली. "फुटपाथवर काय पसारा होता बाबा! विटा, बाटल्या, फुटक्या छत्र्या. अर्ध्या तासात चकाचक केलं. आंदोलन म्हणजे घाण नव्हे, हे लोकांना दिसायला हवं."

अर्जवाल्यांनी अर्धवट उघडलेलं घडीचं टेबल पुन्हा मिटलं.

"अगं, ती रांग होती."

परदेशातून आलेल्यांचे परवाने वाढवून देणारं ते ऑफिस. खिडकी दहाला उघडायची, एकला मिटायची आणि तेवढ्या वेळात चाळीस अर्ज घ्यायची. माणसं यायची शंभर. समोरच्या फुटपाथवर अर्जवाले बावीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसत होते. लोक पहाटे येऊन रांगेत एखादी वस्तू ठेवत, कामावर जात आणि दहाच्या आत येऊन आपापल्या वस्तूशी उभे राहत. हा नियम कुठल्याच कागदावर लिहिलेला नव्हता, म्हणून तो सगळे पाळत.

आता तिथे दोन ढीग होते. प्लास्टिकचा वेगळा, बाकीचा वेगळा. इतक्या शिस्तीत कोणाची वाट लागलेली अर्जवाल्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"मला काय माहीत?" लेकीचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कोणाला विचारलंत?"

तेवढ्यात इस्त्रीवाली आली. हॉटेलच्या धोबीखान्यात रात्रपाळी करणारी, अकरा वर्षांपूर्वी देश सोडून आलेली. मध्ये तासाभराची सुटी काढून पहाटे तिने मग ठेवला होता, आणि पाळी संपताच धावत आली होती. वाफेने हात लालबुंद झालेले. परवान्याची आज शेवटची तारीख. आज अर्ज आत गेला नाही, तर उद्यापासून ती या देशात चोरून राहणारी ठरणार होती. अकरा वर्षं राहून.

"काका, माझा निळा मग?"

अर्जवाल्यांनी ढिगाकडे पाहिलं. फाटकावरचा पहारेकरी मिशीतल्या मिशीत म्हणाला, "वस्तू बिस्तू मला माहीत नाही. जो उभा, त्याचा नंबर." फाटकाशी नुकतेच आलेले तीसएक जण उभे होते, आणि त्यांना हा नियम एकदम पटला होता.

अर्जवाल्यांना एक खोड होती. सकाळी सातला चहाला जाताना ते रांग वाचत जात, लोक पेपर वाचतात तशी. टपरीवर गप्पांत दोन तास मोडले, ही चूक त्यांची. पण सातची रांग डोक्यात होती. ते खुर्चीवर चढले. गुडघ्याने कुरकुर केली, तिच्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

"पहिली अर्धी वीट! कोणाची? या पुढे. दुसरी डाव्या पायाची चप्पल. तिसरा डबा, झाकण नसलेला. अहो दादा, तुम्ही कुठे घुसताय? तुमचं काय होतं?"

"माझी पिशवी होती."

"पिशव्या आज चार होत्या. चौघांचेही अर्ज मीच टाइप केलेत. तुम्ही त्यात नाही. मागे व्हा."

कोणी शिव्या दिल्या, कोणी हसलं. पण माणसं हलली. एकतिसाव्या नंबरावर निळा मग आला. दहाला खिडकी उघडली तेव्हा रांग जागेवर होती आणि अर्जवाल्यांचा घसा बसला होता.

साडेदहाला लेक टेबलाशी आली. "बाबा, अकराला घोषणा सुरू करतोय. चाळिसाची मर्यादा उठवा म्हणून."

"एकला करा ना. खिडकी मिटल्यावर."

"मग घोषणा कोणाला द्यायच्या? कुलपाला? साहेब जेवायला गेलेले असतात."

"आणि घोषणा झाल्या की हा मिशीवाला फाटक लावतो. आज ज्यांची शेवटची तारीख आहे त्यांना काय सांगू? बदल झाला की या?"

"बावीस वर्षं तुम्ही चाळीस जणांना छान उभं करताय. उरलेल्या साठ जणांना रोज घरी कोण पाठवतं? तुमच्या या सरळ रांगेमुळेच आत कोणाला काही खुपत नाही, बाबा."

अर्जवाले टाइपरायटरच्या रिबिनीशी खाटखूट करत बसले. मग हळूच म्हणाले, "ती एकतिसावी आहे. तेवढं थांबा."

लेक गेली. पलीकडच्या झाडाखाली बैठक भरली. बदल घडवायला निघालेली माणसं प्रत्येक गोष्टीला हात वर करतात. पाणी प्यायचं का यावरही मघाशी मतदान झालं होतं. एकपर्यंत थांबावं म्हणून पाच हात वर गेले. त्यात लेकीचा होता. नको म्हणून सात. टीव्हीवाले अकराला येणार होते आणि साडेअकराला दुसरीकडे आग विझवायला, म्हणजे दाखवायला, जाणार होते.

अकरा वाजता घोषणा झाल्या. दमदार झाल्या. लेकीनेही दिल्या, बहुमत म्हणजे बहुमत. अकरा वाजून दहा मिनिटांनी पहारेकऱ्याने सुरक्षेचं कारण सांगून फाटक ओढलं. आत सत्तावीस अर्ज गेले होते. फाटक त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

एकच्या सुमारास इस्त्रीवाली टेबलाशी येऊन उभी राहिली. "आता काय, काका?"

"उशिराबद्दल माफीचा अर्ज करू. घेतला तर घेतला." त्यांनी कागद चढवला. "कारण ताप लिहितो. डॉक्टर ओळखीचा आहे." या रकान्यात ते नेहमी तापच लिहीत. त्यांच्या कागदांवर विश्वास ठेवला तर त्या गावातला प्रत्येक परदेशी वर्षातून एकदा तापाने फणफणत असे.

लेक मागे येऊन उभी होती. "ताप नको. लिहा, आमच्यामुळे फाटक बंद झालं. मी साक्षीला सही करते."

"वेडी आहेस? उद्या केस करतील तुझ्यावर."

"करू देत."

"थांबा," इस्त्रीवाली म्हणाली. दोघंही थांबले. तिला विचारायचं राहिलंच होतं.

"मला ताप नव्हता. आणि या पोरींचं नावही नको, त्या ओरडत होत्या ते आमच्यासाठीच. मी वेळेवर आले होते. तेवढं लिहा."

"बाई, हे उशिराचं कारण होत नाही. या एका वाक्यावर अर्ज परत येईल."

"अकरा वर्षांत एकदाही उशीर केला नाही मी. लिहा."

अर्जवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर ठोकत टाइप केलं: अर्जदार वेळेवर आली होती.

रकाना तापापुरताच होता. वाक्य रेघेबाहेर गेलं. त्यांनी कागद तसाच काढला, खुर्चीवरून उठले आणि सही करायला तिला तिथे बसवलं.