मी नुसती शेकत राहिले

मी एक जुनी, गरम पाण्याने शेकायची रबरी पिशवी आहे. एके काळी मी लालभडक होते. आता रंग विटला आहे आणि तोंडाशी चिरा पडल्या आहेत. दुखणं दिसलं की पळवायचं, एवढंच आपलं काम, असं मला वाटे. मित्रांनो, त्या समजुतीचीच आज मला लाज वाटते.

माझं घर एका शिंप्याचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. बाबांची पाठ, आईचे गुडघे, आत्याची मान, सगळ्यांना मी शेकलं. "हिच्यासारखं औषध नाही," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मग मी फुगून जायचे, पोटात पाणी नसतानासुद्धा.

पुढे धाकटीचं पोट दुखू लागलं. ती दहा वर्षांची. शाळेतून भुकेली आली की बेंबीच्या वर हात दाबून बसायची. दूध-पाव पोटात गेला की जरा वेळ बरं वाटायचं. झालं, आत्याला तेवढंच पुरलं. "खायला मिळालं की दुखणं पळालं! नाटकी कुठली!" आई मला भरायची, तिच्या पोटावर ठेवायची आणि काज-बटणं करायला बसायची. कळ थोडी ओसरायची आणि कौतुक माझं व्हायचं.

धाकटीचा शाळेचा स्कर्ट सैल झाला. बाबांनी कंबर आत घेतली. महिन्याभरात तो पुन्हा घसरू लागला, तेव्हा "माझाच अंदाज चुकला," म्हणत त्यांनी पुन्हा टीप मारली. मापात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण पोर वाळत चाललेली त्यांना दिसली नाही.

एका दुपारी धाकटी मला कवटाळून पुटपुटली, "माझी शी काळी होते गं. डांबरासारखी. कुणाला सांगू नकोस." तिला फार लाज वाटत होती. मला तोंड आहे, पण ते पाणी ओतण्यापुरतं. मी नुसती गरम राहिले.

त्याच आठवड्यात ती शाळेला निघाली आणि दारातच पांढरीफटक होऊन कोसळली.

पुढचं मला घरातल्या बोलण्यातून कळलं. तिच्या जठरात एक जंतू ठाण मांडून बसला होता. त्याच्यामुळे लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण झाला होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. शी काळी होत होती ती त्या रक्तामुळेच. डॉक्टरबाईंनी बारीक नळीच्या कॅमेऱ्याने तो पाहिला, तिला रक्त चढवलं, जंतू मारायची औषधं दिली. पण सगळ्यात आधी त्यांना दिसले तिच्या पोटावरचे तपकिरी, जाळीदार डाग. "इतके दिवस नुसतं शेकत होतात?" त्यांनी विचारलं. ते डाग माझे होते, मित्रांनो. हे ऐकलं आणि खुंटीवर लटकणंही मला नको झालं.

बाबा मशीनपाशी नुसतेच बसून होते. "दोनदा कंबर आत घेतली मी," ते आईला म्हणाले. "दोनदा! आणि एकदाही पोरीच्या तोंडाकडे बघितलं नाही." त्यानंतर आत्याने 'नाटकी' हा शब्द कधी उच्चारला नाही.

औषधं नेमाने पुरी झाली. फेरतपासणीत जंतू गेलेला निघाला आणि धाकटी अंग धरू लागली.

एके दिवशी शेजारच्या काकू आल्या. "तुमची ती पिशवी द्या हो. आमच्या बाळ्याचं पोट सारखं दुखतंय. गुणाची आहे म्हणतात."

आत्याने सवयीने मला खुंटीवरून काढलंसुद्धा. तेवढ्यात धाकटी उठली. तिचे कान लाल झाले होते.

"काकू, त्याची शी काळी होते का?"

"अगं, असलं काय विचारतेस चारचौघांत!"

"माझी होत होती. मी लपवलं."

"मी विचारलंच नाही गं त्याला," काकू म्हणाल्या आणि मला न घेताच घराकडे धावल्या.

मित्रांनो, पाठ आखडली तर मला खुशाल भरा. पण पोट पुन्हा पुन्हा दुखत असेल, तर घरात सांगा. शी काळी झाली तर तेही सांगा, लगेच सांगा. लाजेचं काम माझ्यावर सोडा, ती मला आयुष्यभर पुरेल. तुम्ही बोला.