सात खड्यांच्या कुड्या

"खऱ्याच आहेत मावशी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाहीये."

तिच्या गणवेशावर पायल असं नाव लिहिलेलं होतं. वयानं माझ्या मुलीएवढी, तेजलएवढी असेल, बोलायला गोड. सराफ बाजारातलं हे आमचं तिसरं दुकान. आधीच्या दोघांनी कुड्या नुसत्या हातात घेतल्या, वजन केल्यासारखं केलं आणि परत दिल्या. हिनं निदान पाणी विचारलं, डोळ्याला भिंग लावून एकेक खडा बघितला. मग नीट समजावून सांगितलं, की सोन्याचे पैसे आजच्या भावानं मिळतील, थोडी घट धरून. हिरे मात्र बारीक आहेत. इतक्या बारीक हिऱ्यांचं मोडीत काही येत नाही. जिथून घेतल्या तिथं गेलात तर पावतीवर कदाचित बदलून देतील. ते दुकान केव्हाच बंद पडलं होतं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

माझी सासू अक्काबाई काचेवर दोन्ही हात टेकून उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नव्हती. शेजारी नणंद, संजनाताई. त्या पहाटेच्या गाडीनं मनमाडहून आल्या होत्या आणि सकाळपासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

"असं कसं व्हईल, पोरी?" आत्या म्हणाल्या. सासूला मी आत्याच म्हणते. "सोनं घटतं. हिरा घटत नाय."

पायलनं खालून दुसरा ट्रे काढला. त्यात टपोऱ्या खड्याच्या अंगठ्या होत्या आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या इतक्या कमी किमती वाचून मलाच नवल वाटलं. हेही हिरेच, पण कारखान्यात बनवलेले, ती म्हणाली. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, त्याला मशीन लागतं. हे आल्यापासून जुन्या बारीक हिऱ्यांना कोणी विचारत नाही. खरं तर आधीही मोडीत फार कुणी विचारत नव्हतं, पण तेव्हा लोक विकायला येतच नसत, त्यामुळे कुणाला कळत नसे.

आत्यांनी त्यातली एक अंगठी उचलली, दिव्याखाली उलटसुलट केली आणि खाली ठेवली.

"मग लोकं घेतात कशापायी?"

"आवडतात म्हणून घेतात, मावशी. घालायला."

संजनाताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि डबी पिशवीत टाकली. आम्ही बाहेर आलो. नाशिक रोडच्या बसमध्ये तिघींना एकत्र जागा मिळाली नाही, ते एका अर्थी बरंच झालं.

आता ह्या कुड्यांचं एवढं काय, ते सांगते.

सासरे पुंजाराम प्रेसमध्ये होते. नोटांची प्रेस, नाशिक रोडची. ते ऐन उमेदीत गेले आणि त्यांच्या जागी आत्या लागल्या. तोवर त्या शेतावर खुरपायला जाणाऱ्या बाई. उभं आयुष्य छापलेले कागद तपासण्यात गेलं. शाई फुटली, रेघ हुकली, की तो कागद बाजूला. आमच्या कॉलनीत प्रेसच्या नोकरीचा केवढा तोरा. पण आत्यांना नोटेचं कौतुक म्हणून नाही. म्हणायच्या, "सकाळी कोरा कागद असतोय, दुपारी पैसा व्हतोय. म्या डोळ्यानं बघितलंय. त्याच्यावर कसा जीव ठेवायचा?" बँकेत पैसे ठेवा म्हटलं की नाक मुरडायच्या.

आणि सोनं? सोन्यानं तर त्यांना चांगलंच पोळलं होतं. सोनं मोडता येतं, हाच त्याचा दोष. त्यांची पोत त्यांच्या नणंदेच्या लग्नात मोडली, पाटल्या त्यांच्या दिराच्या रिक्षासाठी मोडल्या, उरलेलं आजारपणात गेलं. घरात कुणाला गरज पडली की सगळ्यांची नजर आधी आत्यांच्या गळ्याकडे जायची. म्हणून रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी ह्या सात खड्यांच्या कुड्या घेतल्या. हिरा कुणाला मोडता येत नाही, वितळवता येत नाही, आणि मागायचं धाडसही कुणाला होत नाही. प्रेसमध्ये जन्म गेलेली बाईच असला हिशोब करणार. आम्ही कुणी विरोध केला नाही. आम्हाला तरी काय कळत होतं.

पुढं नोटा बंद झाल्या तेव्हा बाईंनी आमच्या डोक्यावर अक्षरशः मिरे वाटले. आख्खी गल्ली बँकेच्या दारात रांगेत आणि ह्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या. "म्या सांगत नव्हते?" एवढंच म्हणायच्या, पण दिवसातून चारदा.

त्याच वर्षी त्यांनी वाटणी केली. बहिणींकडून कागदावर सही घ्यायची आणि साडी देऊन पाठवणी करायची, ही रीत त्यांना मंजूर नव्हती. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या, त्यांनी पोरींना हिस्सा द्यायला सांगितला, मी त्यांच्यासमोर लबाडी करायची का? राहतं घर त्यांनी रवीच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर केलं. कुड्या संजनाताईंना दिल्या. वर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "संध्या, वाईट वाटून घेऊ नको. पोरीला जरा जास्तच दिलंय म्या." मला वाईट वाटलंही होतं थोडं. खोटं कशाला बोलू?

संजनाताईंनी त्या कुड्या एकदाही घातल्या नाहीत. थोरलीच्या लग्नातसुद्धा नाही. कानात बेन्टेक्सचं फूल आणि हिरे बँकेच्या लॉकरात. त्यांचे मालक मनोजराव मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. फंड मुलीच्या लग्नात आणि मुलाच्या, साईच्या, धंद्यात आधीच विरघळला. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची तेव्हा कुड्या विकू आणि मनमाडातच दोन खोल्या घेऊ, असं त्यांनी आधीपासून धरून ठेवलं होतं. आता क्वार्टर सोडायची नोटीस आली होती, म्हणून आज त्या आल्या होत्या.

घरी पोचल्यावर मी कुकर लावला. रवी सातपूरच्या कंपनीतून नुकताच आला होता. त्याला दुकानात काय झालं ते ताईंनीच सांगितलं, आणि हसून सांगितलं, जसं कुणा दुसऱ्याचं झालंय.

आत्या कॉटवर बसल्या होत्या. बराच वेळ पायाचं बोट दाबत राहिल्या. मग रवीला म्हणाल्या, "घर विकू. दोघं अर्धं अर्धं घ्या."

रवी वाईट माणूस नाही. पण त्याचा चेहरा असा उतरला, की बघवेना. आई, आता कागद झालेत, तो म्हणाला. हे घर विकून आम्ही कुठं जायचं? तेजलचं अजून सगळं व्हायचंय. आणि आज ह्या भागात अर्ध्या पैशात काय मिळतं? संजनाताई मध्येच म्हणाल्या, नको आई, मला काही नको, रवीला घोर लावू नको. दोघंही खरं बोलत होते, हेच अवघड होतं.

तेव्हा आत्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी परातीत मेथी निवडत होते. त्या एका नजरेसरशी माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. ह्या घराच्या मोरीतल्या फरशा माझ्या पगाराच्या. शाळेच्या ऑफिसात मान मोडून आणलेल्या पगाराच्या. आत्यांचा पाय मोडला तेव्हा तीन महिने भांडं दिलं ते मी. संजनाताई सणाला यायच्या, भाकरी खायच्या आणि जायच्या. हे सगळं खरं. आणि ताईंना फसवलं गेलंय, हेही तितकंच खरं. फसवलं कुणीच नव्हतं, तरी त्या फसल्या होत्या, आणि त्याचा फायदा म्हणजे माझ्या डोक्यावरचं हे छप्पर होतं. अर्धं घर ताईंचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं असतं तर रवीनं ऐकलं असतं. तो माझं ऐकतो.

मी मेथीच्या काड्या मोडत राहिले.

आत्यांनी नजर काढून घेतली. ताईंना म्हणाल्या, "डबी काढ. घाल त्या."

"आता? घरात?"

"घाल म्हणते ना."

ताईंच्या कानांची भोकं बेन्टेक्सच्या बारीक तारेला सरावलेली. कुडीचा दांडा जाड, आत जाईना. मी खोबरेल तेल आणून दिलं. आत्यांनी तो दांडा फिरवत फिरवत आत घातला. ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कानामुळं की कशामुळं कोण जाणे. ट्यूबलाइटखाली त्या कुड्या अशा काही चमकल्या, की तेजल अभ्यास सोडून उठून आली आणि ताईंना म्हणाली, आत्या, कसल्या सुंदर आहेत ह्या. इतक्या वर्षांत त्या कुड्यांना सुंदर म्हणणारं पहिलं माणूस ती.

त्या रात्री ताई गेल्या. पुढच्याच रविवारी आत्यांनी मनमाडला जायला आपली बॅग भरली. दोन लुगडी, औषधं, पेन्शनचं पासबुक. मनोजरावांच्या पेन्शनीवर दोन खोल्यांसाठी बँक जेवढं कर्ज देत होती तेवढ्याचे हप्ते त्यांना झेपणारे नव्हते. आता आत्यांची पेन्शन हप्त्याला जाणार होती. म्हणजे ज्या कागदाला त्यांनी जन्मभर नावं ठेवली, तोच दर महिन्याला ताईंच्या कामी येणार होता. त्यांनाही ते कळत असणारच.

रवीनं खूप विनवण्या केल्या. मीही केल्या, आणि मनापासून केल्या. आत्या, आमच्यावर रागावून चाललात तुम्ही, मी म्हटलं.

"रागावून नाय. चूक माझी हाय, म्या भरते."

"आणि कर्ज पंधरा वर्षांचं आहे, आत्या."

"मंग तवर मरत नाय," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

मला वाटायचं, आत्या गेल्यावर मला मोकळं वाटेल. आपलं घर, आपला स्वयंपाक, भाजीत तिखट किती घालायचं ते सांगायला कुणी नाही. बाहेरच्या खोलीतली कॉट काढून तेजलला टेबल मांडायचं, असं मी लग्न झाल्यापासून नाही, पण तेजल दहावीत गेल्यापासून ठरवलं होतं. टेबल मांडलं. तेजल तिथं बसत नाही. आतच वाचते.

दिवाळीनंतर शाळेला सुट्टी होती तेव्हा मी एकटीच मनमाडला गेले. जय भीम म्हणत आत शिरले. गावाच्या कडेला दोन खोल्या, वर पत्रा, बाहेर सिमेंटचा ओटा. ताई नळावर भांडी घासत होत्या, राखेनं हात कोपरापर्यंत काळे, आणि कानात कुड्या. उन्हात मान हलवली की लखलखायच्या. मी म्हटलं, ताई, चोरीची भीती नाही वाटत? त्या हसल्या. ह्या वेळचं हसणं खरं होतं. म्हणाल्या, वहिनी, गल्लीत सगळ्यांना त्या खोट्याच वाटतात. भांडी घासताना खरे हिरे कोण घालतं? परवा शेजारची सगुणाबाई विचारत होती, कुठून घेतल्या, मलाही आण. आईनं सांगितलं, बाजारातून, शंभराला जोडी.

आत्या दारात बसल्या होत्या. वाळल्या होत्या जरा, पण डोळे तसेच. ताईंकडे बघत म्हणाल्या, "शोभतात की नाय तिला?"

शोभतात, मी म्हटलं.

त्यांनीच चहा केला. मला चटईवर बसवलं, रवीचं विचारलं, तेजलचं विचारलं. मी ठरवून आले होते, की चला म्हणायचं. घराचंही काहीतरी करू, म्हणायचं, रवीशी मी बोलते. गाडीत सगळी वाक्यं पाठ केली होती. चहा संपला तरी एकही तोंडातून निघालं नाही. त्या समोर बसून मी काय बोलते त्याची वाट बघत होत्या, की मला नुसतं तसं वाटलं, ते अजूनही कळत नाही.

मी दोघींचे कप उचलले आणि सवयीनं धुवायला नळाकडे निघाले. वीस-बावीस वर्षं त्यांचा कप मीच धुतलाय. आत्या भिंतीला धरून उठल्या आणि त्यांनी कप माझ्या हातातून हळूच काढून घेतले.

"राहू दे, बाय," त्या म्हणाल्या. "पावणीनं भांडी घासायची नसत्यात."