तिरमिसचं पाणी

त्या शनिवारी आई ओट्याशी उभी राहून तिरमिसच्या भिजत घातलेल्या दाण्यांचं पाणी बदलत होती आणि मी खुर्चीत पाय वर घेऊन फोनवर वाचत बसले होते.

"सांग ना, किती आहे त्यात?"

"काय किती?"

"तेच तुझं. प्रोटीन."

मी शोधून सांगितलं. मसुरापेक्षा जास्त, हरभऱ्यापेक्षाही जास्त.

"बघ," आई म्हणाली. "नाईलच्या काठावर बसून सालं थुंकण्यात जन्म गेला. आम्हाला वाटायचं, आपण वेळ घालवतोय."

मी तेव्हा असियूतला फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलवर. हिवाळ्यात वजन कमी करायचं मनावर घेतलं होतं. खोलीतली मैत्रीण हिंदही माझ्याबरोबर होती. तिचं बरं चाललं होतं: उकडलेली अंडी, दही, डबाबंद मासा. माझंही तेच चाललं होतं, पण मग मोठा उपवास लागला. ईस्टरपर्यंत आम्हा कॉप्टिक ख्रिश्चनांना अंडं नाही, दूध नाही, मासासुद्धा नाही. उरतं काय, तर बटाटे, मॅकरोनी, तळलेले वडे आणि भाकरी. म्हणजे जे जे मी सोडलं होतं तेच. मी उपवासही मोडला नाही आणि डाएटही. काकडी, सॅलडची पानं आणि कॉफी यांवर राहिले. फणीत केस येऊ लागले. हिंदने एकदा माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आईला सांगितलं, "काकू, तुमची इरिनी काकडीवर जगतेय."

आई रागावली नाही. उपवास सोड असंही म्हणाली नाही. आमच्या मिन्या शहरातल्या पोस्टात ती खिडकीवर बसायची, त्या दिवसापासून तिकिटं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला विचारू लागली, "तुमच्याकडे उपवासात ताकदीचं काय खातात हो?" दर आठवड्याला नवीन उत्तर मिळायचं. एकदा मसुराचं घट्ट सूप. एकदा हलवा.

"तीळ आहेत त्यात," आई म्हणाली.

"साखर पण आहे, आई."

"थोडी."

"अर्धी."

"मग तू तीळ तीळ खा आणि साखर हिंदला दे."

शेवटी कुणीतरी तिरमिस म्हणालं. चपटे, पिवळे, अंगठ्याच्या नखाएवढे दाणे. ते भिजवायचे, उकडायचे आणि मग कडूपणा जाईपर्यंत सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी बदलत राहायचं. त्यात घाई चालत नाही. मीठ-लिंबूही आधी घालायचं नाही. लहानपणी आई रोज एक दाणा माझ्या तोंडात घालायची आणि मी सांगेन तो निकाल.

"चाख," ती त्या शनिवारी म्हणाली.

मी दाताने साल काढून चावलं. "कडू."

"किती?"

"अजून बरंच."

"मग पुढच्या गुरुवारी येशील तेव्हा होईल. भूक लागलीय का?"

"नाही."

हा प्रश्न ती प्रत्येक खेपेला विचारायची, फोनवरही. माझं उत्तर ठरलेलं होतं आणि मला त्या उत्तराचा अभिमान होता.

"नसेल तर नसेल," ती म्हणाली. हात पुसले आणि माझ्या पिशवीत लिंबं टाकली. "काकडीला तरी चव येईल."

रविवारी सकाळच्या गाडीने मी असियूतला गेले. दुपारी तहानी मावशीचा फोन आला. आई पोस्टातून आली, बूट काढायला बाहेरच्या खुर्चीत बसली, आणि बसली ती उठलीच नाही. मी तशीच पिशवी उचलून परत फिरले.

तिसऱ्या दिवशी चर्चमधून अबूना, आमचे पाद्री, आले. त्या दिवशी प्रार्थना करून आत्म्याला घरातून निरोप द्यायचा असतो. धूप झाला, मंतरलेलं पाणी खोल्याखोल्यांतून शिंपडलं. स्वयंपाकघरात अबूनांनी ओट्यावरच्या पातेल्यावरही शिंपडलं आणि गेले.

बायका बसून राहिल्या. शेजारची, मीनाची आई, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरवत होती. नुसती कॉफी कशी द्यायची, म्हणून तिने आत शोधाशोध केली असावी. थोड्या वेळाने ती एक वाडगा घेऊन आली. तिरमिस, वर मीठ, जिरं आणि लिंबू.

पहिला दाणा तहानी मावशीने घेतला. मला तिचा चेहरा दिसत होता. ती चावायची थांबली, मग पुन्हा चावू लागली आणि गिळून टाकलं. वाडगा पुढे गेला. पुढचीनेही तेच केलं. काळ्या कपड्यांतली ती अख्खी रांग एकेक कडू दाणा खात गेली आणि कुणी थुंकलं नाही, कारण ते माझ्या आईच्या हातचं होतं.

शेवटी टोकाची म्हातारी आईचं नाव घेऊन जपून म्हणाली, "अवातिफच्या हातचं कधी असं नसायचं."

"भिजतंय अजून ते," मावशी म्हणाली. "कुणी वाढलं?"

"मी गं," मीनाची आई म्हणाली. "मला वाटलं झालंय. म्हटलं, कॉफी कडू, तोंडात टाकायला काहीतरी असावं."

"बरं केलंस. आता कॉफी गोड लागतेय."

कुणीतरी तोंडावर रुमाल धरला. मग शेजारचीने धरला. सगळ्यांचे खांदे हलू लागले. मीही हसले, आणि मग मला तिथे बसवेना.

पातेल्यातलं पाणी पिवळं झालं होतं, वर फेस आला होता. मी ते ओतलं, दाणे धुतले, नळाखाली पुन्हा पातेलं भरलं. मावशी दारात येऊन उभी राहिली.

"टाकून दे ते. मी गाडीवरून तयार आणते."

"नको."

"आणि कॉलेज?"

"हे झालं की जाईन."

"बरं. पण पोटात काही गेलंय का तुझ्या? सगळ्या विचारतायत."

"भूक नाही, मावशी."

दाराशी ठेवलेली आईची चप्पल तिने कोपऱ्यात सरकवली आणि बाहेर गेली.

मी पाणी बदलत राहिले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. संध्याकाळी एक दाणा चाखायचा. मावशी डब्यातून कधी मसूर, कधी भात आणायची आणि तो डबा तसाच परत न्यायची. घर हळूहळू रिकामं झालं. कडूपणाही कमी होत होता. आधी पहिल्या चाव्यातून गेला, मग जिभेवरून, आणि शेवटी फक्त घशाशी राहिला.

एका दुपारी तोही लागला नाही. काहीच लागलं नाही, नुसता मऊ, अळणी दाणा. मी दुसरा घेऊन पाहिला. तोही तसाच.

मग मी वाडगाभर काढले. मीठ घातलं, जिरं घातलं. लिंबू कुठे आहे म्हणून शोधताना आठवलं, माझी असियूतची पिशवी अजून उघडलेलीच नव्हती. आईने टाकलेली लिंबं तळाशी होती, थोडी सुकलेली. एक कापून पिळलं.

पाय वर घेऊन खुर्चीत बसले. एक दाणा खाल्ला, मग दुसरा, मग मूठ भरली. सालं बशीत काढत होते, नंतर तीही काढायची राहिली. वाडगा संपला तेव्हा पोटात काहीतरी पिळल्यासारखं झालं आणि ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला. फार दिवसांनी आलं होतं.

ओट्यापाशी तिची उभी राहायची जागा होती. मी तिकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आई, मला भूक लागलीय."